निरंक रकाना : एफसिंकमधला एक पॅरामीटर काढण्याची गोष्ट

आज ज्या बदलाबद्दल बोलणार आहे तो एका ओळीत सांगून संपतो. २०१० साली लिनक्स कर्नलमधल्या एका फंक्शनचा एक पॅरामीटर काढून टाकला. झालं. नवी सोय आली नाही, वेग वाढला नाही, वापरणाऱ्यांना काही कळलंसुद्धा नाही. तरी मी यावर अख्खा भाग करतोय, आणि त्याची सुरुवात परभणीत, जिंतूर रोडवरच्या आमच्या दुकानात होते.

पप्पांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, अर्ज, शपथपत्रं, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट. २०१० च्या आसपास भारनियमन असं होतं की लाइट कधी आहे यावर दुकानाचा दिवस ठरायचा. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी बसलेली. जोरात ओरडायचा आणि दोन मिनिटांत मान टाकायचा. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. एकदा झरीकडच्या एका काकांच्या मुलीची पत्रिका पप्पांनी रात्री बसून लावली. तुम्हाला माहीत आहे, पत्रिकेत डिझाइन सोपं असतं, नावं अवघड असतात. भावकीतलं कोण आधी, कोण नंतर, कोणाच्या नावापुढे 'कै.' लागतं, एक चुकलं तरी लग्नात रुसवे. सगळं लावून झालं, पप्पांनी सेव्ह केलं आणि लाइट गेली.

सकाळी उघडलं तर फाइल जागेवर, नाव जागेवर, आत काहीच नाही. पप्पा एवढंच म्हणत होते, "अरे, सेव्ह केलं होतं की मी." काका समोर बसलेले. ते म्हणाले, "राहू द्या भाऊ, मी परत सांगतो," आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरू झाले.

ते मशीन विंडोजचं होतं. कर्नल वेगळा, फाइल सिस्टिम वेगळी. पण पुढे इंजिनिअरिंगला गेलो, मग पुण्यात स्टोरेजच्या कामाला लागलो, तेव्हा कळलं की पप्पांचा प्रश्न सगळीकडे तोच आहे. 'सेव्ह झालं' हे कोण कोणाला सांगतं, आणि कशाच्या भरवशावर?

दुकानातली अजून एक गोष्ट सांगतो, कारण पुढे लागणार आहे. कुठलाही सरकारी अर्ज घ्या, त्यात एक रकाना असायचाच. फॅक्स क्रमांक. परभणी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या अर्जावर फॅक्स क्रमांक! पप्पा तिथे न चुकता 'निरंक' टाइप करायचे. मी विचारलं, मोकळाच सोडला तर? म्हणाले, मोकळा रकाना दिसला की बाबू अर्ज परत करतो. निरंक लिहिलं की पुढे जातो. म्हणजे त्या रकान्यात काय लिहिलंय हे कोणी वाचत नाही, पण काहीतरी लिहिलेलं पाहिजे. प्रोग्रॅमिंगमध्ये यालाच न वापरलेला पॅरामीटर म्हणतात. फंक्शन म्हणजे कामाचं कार्यालय, पॅरामीटर म्हणजे अर्जातले रकाने.

आता एफसिंक. तुम्ही फाइलमध्ये काही लिहिता तेव्हा ते लगेच डिस्कवर जात नाही. कर्नल ते मेमरीत ठेवतो, सवडीनं डिस्कवर उतरवतो. डिस्क हळू असते, म्हणून ही युक्ती. पण मधल्या वेळात लाइट गेली तर मेमरीतलं सगळं गेलं. ज्या प्रोग्रॅमला खात्री हवी असते, म्हणजे बँकेचा डेटाबेस असेल किंवा मेल सर्व्हर असेल, तो कर्नलला एफसिंक ही हाक मारतो. अर्थ असा की ही फाइल आत्ता डिस्कवर उतरव, आणि उतरल्याशिवाय मला उत्तर देऊ नकोस.

या हाकेवरून २००९ मध्ये लिनक्सच्या जगात मोठं भांडण झालं होतं. ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टिम २००८ च्या डिसेंबरात स्थिर म्हणून जाहीर झाली. तिच्यात डेटाला डिस्कवर जागा देण्याचं काम शेवटच्या क्षणापर्यंत लांबणीवर टाकलं जायचं. वेगासाठी उत्तम. पण उबुंटू वापरणाऱ्यांच्या तक्रारी आल्या की मशीन अचानक बंद पडलं आणि चालू केल्यावर सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या झाल्या. नाव जागेवर, आत काही नाही. ओळखीचं वाटतंय ना? ईएक्सटी-४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की नियमानुसार खात्री हवी तर प्रोग्रॅमनं एफसिंक करायला हवं, तुम्ही केलं नाही. लोकांचं म्हणणं होतं, जुन्या ईएक्सटी-३ वर तर चालत होतं. शेवटी कर्नलमध्ये नेहमीच्या काही प्रसंगांसाठी सवलत घातली गेली, पण एफसिंक हाच खरा करार, हे त्या भांडणातून सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

जाता जाता एक. त्या काळातला ईएक्सटी-४ चा गिटमधला इतिहास चाळत होतो, तेव्हा २००८ च्या सुरुवातीला जर्नलला चेकसम देणाऱ्या पॅचवर लेखक म्हणून गिरीश शिलमकर असं नाव दिसलं. लाइट गेल्यावर अर्धवट लिहिलेलं जर्नल ओळखता यावं म्हणून तो चेकसम. अशा ठिकाणी एकदम मराठी आडनाव दिसलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

तर एफसिंकच्या अर्जात रकाने किती आणि कुठले, हा आपला विषय. कर्नलमध्ये प्रत्येक फाइल सिस्टिमचं स्वतःचं एफसिंक फंक्शन असतं. ईएक्सटी-३ चं वेगळं, एक्सएफएसचं वेगळं, पेनड्राइव्हवरच्या फॅटचं वेगळं. पण कर्नल त्या सगळ्यांना एकाच साच्यातून हाक मारतो, त्यामुळे रकाने सगळ्यांना सारखेच ठेवावे लागतात. हा साचा वर्षानुवर्षं कसा बदलला ते पाहिलं की गोष्ट उलगडते.

त्याआधी तीन शब्द समजून घ्या. मी आमच्याकडच्या भाषेत सांगतो. आयनोड म्हणजे वावर, खुद्द जमीन. डेंट्री म्हणजे त्या वावराचं नाव, 'विहिरीचं वावर' किंवा 'पांदीकडचं वावर'. एकाच वावराला दोन नावं असू शकतात, फाइललाही असतात. आणि कर्नलच्या भाषेत ज्याला नुसतं फाइल म्हणतात, ते म्हणजे त्या वावरासाठी तहसीलात उघडलेलं प्रकरण. कोणी उघडलं, कशासाठी उघडलं, काम कुठवर आलं, हे प्रकरणात असतं. एका वावरावर पाच जणांची पाच प्रकरणं उघडी असू शकतात.

१९९६ च्या लिनक्स २.० मध्ये एफसिंकला दोन रकाने होते, आयनोड आणि फाइल. वावर आणि प्रकरण. १९९७ च्या सुमारास, २.१ च्या मालिकेत, नावं लक्षात ठेवणारी डेंट्रीची यंत्रणा आली आणि सगळीकडे आयनोडच्या जागी डेंट्री फिरायला लागली. म्हणून १९९९ च्या २.२ मध्ये साचा झाला फाइल आणि डेंट्री. २००१ च्या २.४ मध्ये तिसरा रकाना जोडला, डेटासिंक. म्हणजे नुसता मजकूर उतरवायचा की शेवटचा बदल कधी झाला वगैरे किरकोळ नोंदीही उतरवायच्या, याची खूण.

आता नीट बघा. प्रकरण हातात असेल तर त्यावर वावराचं नाव लिहिलेलंच असतं. फाइलमधून डेंट्री काढता येते. मग तोच तपशील वेगळ्या रकान्यात पुन्हा कशाला? पप्पांच्या अर्जातसुद्धा असं असायचं, पहिल्या पानावर गट नंबर आणि तिसऱ्या पानावर पुन्हा गट नंबर. दोन्हीकडे सारखाच असला तर प्रश्न नाही. वेगळा निघाला तर कुठला खरा?

इथे मात्र डेंट्रीचा रकाना ठेवायला एक कारण होतं, आणि ते जरा गमतीचं आहे. एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या फाइली वापरायची जुनी पद्धत. एनएफएसच्या सर्व्हरला कोणी सांगितलं की अमुक डिरेक्टरीत नवीन फाइल बनव, तर त्यानं ती बनवून, डिरेक्टरीतली नोंद डिस्कवर उतरवून, मगच 'झालं' म्हणायचं असा नियम. म्हणजे डिरेक्टरीवर एफसिंक करायचं. पण सर्व्हरनं ती डिरेक्टरी उघडलेलीच नसायची. त्याच्याकडे नाव असायचं, प्रकरण नसायचं. मग तो काय करायचा? फाइलच्या रकान्यात निरंक लिहायचा, म्हणजे नल, आणि डेंट्रीचा रकाना भरायचा.

एवढ्या एका ग्राहकासाठी सगळ्या फाइल सिस्टिम्सना सावध राहावं लागत होतं. फाइलचा रकाना बहुतेक वेळा भरलेला, पण कधीतरी निरंक. एफसिंक लिहिणाऱ्यानं विश्वासानं फाइलमध्ये हात घातला आणि नेमकी हाक एनएफएसकडून आली, तर कर्नल कोसळणार. आणि कोसळणार ते फक्त एनएफएसवरून फाइल बनवताना, लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर कधीच नाही. तेव्हाच्या कोडमध्ये मधल्या फंक्शनच्या डोक्यावर तशी टीपच होती की एनएफएस सर्व्हरकडून हाक आली तर फाइल नल असू शकते. मला विचाराल तर अशी टीप ही कबुली असते. साचा चुकलाय हे माहीत आहे, पण हात लावायला कोणी तयार नाही.

हात लावला क्रिस्टोफ हेलविग यांनी. कर्नलच्या फाइल सिस्टिम विभागात हे नाव जागोजागी दिसतं, आणि बऱ्याच वेळा काहीतरी काढून टाकताना दिसतं. पण आधी निरंक लिहिणाऱ्या ग्राहकाची सोय लावायला हवी होती. २०१० च्या सुरुवातीला एसजीआयच्या बेन मायर्स यांच्या पॅचनं एनएफएस सर्व्हरला डिरेक्टरीच्या नोंदी उतरवायचा वेगळा दरवाजा करून दिला. त्यामुळे फाइलचा रकाना निरंक ठेवून एफसिंकला हाक मारणारा कोणी उरला नाही. मार्चमध्ये हेलविग यांनी मधल्या पातळीवरच्या फंक्शनमधून डेंट्री काढली आणि तिच्यासाठीच्या खटपटी पुसल्या. त्या पॅचसोबतच्या टिपणात त्यांनी एक प्रामाणिक वाक्य लिहून ठेवलंय. भावार्थ सांगतो. पुढची पायरी म्हणजे प्रत्येक फाइल सिस्टिमच्या एफसिंकमधून डेंट्री काढणं, पण अशा साच्याच्या बदलांचा मागच्या वेळचा अनुभव पाहता ते मुख्य गर्दी ओसरल्यावर करू.

मागच्या वेळी नक्की काय झालं ते त्या टिपणात नाही, पण भीती कशाची हे सांगता येतं, कारण तीच चूक मी स्वतः केलीय.

२०१९ मध्ये कामाला लागलो तेव्हा आमच्या टीमकडे एक जुनं कर्नल मॉड्यूल होतं. मुख्य कर्नलच्या बाहेर वाढलेलं, ग्राहकांच्या तऱ्हेतऱ्हेच्या लिनक्सवर चालावं लागणारं. कोणाकडे रेड हॅट ६, म्हणजे कर्नल २.६.३२. तिथे एफसिंकला डेंट्री आहे. कोणाकडे सुसे ११ चं नंतरचं सर्व्हिस पॅक, म्हणजे कर्नल ३.०. तिथे नाही. आमच्या कोडमध्ये 'कर्नल अमुक असेल तर हा साचा, नाहीतर तो' अशा अटी होत्या. एक अट मी उलटी लिहिली. ३.० साठी तीन रकान्यांचं जुनं फंक्शन तयार झालं.

तुम्ही म्हणाल, कंपायलरनं अडवलं असतं. नाही अडवलं. फंक्शनला थेट हाक मारताना रकाने कमी-जास्त झाले तर कंपायलर चूक दाखवतो. पण इथे आपण फंक्शनचा पत्ता एका तक्त्यात नोंदवतो आणि कर्नल त्या पत्त्यावर हाक मारतो. पत्त्याचा साचा जुळला नाही तर त्या काळचा कंपायलर नुसता इशारा द्यायचा. आमच्या बिल्डमध्ये असे शेकडो इशारे रोज वाहून जायचे. त्यात हा एक गेला.

मग मशीनवर काय घडतं? कर्नल म्हणतो, फाइल ही घे, डेटासिंक शून्य. आमचं फंक्शन वाचतं, फाइल ही, डेंट्री शून्य. तिसरा रकाना तर कोणी भरलेलाच नाही, प्रोसेसरच्या त्या रजिस्टरमध्ये आधीच्या कामाचा जो कचरा पडला असेल तो डेटासिंक म्हणून आला. शून्य पत्त्यावरच्या डेंट्रीतून आयनोड काढायला गेलो आणि मशीन जागेवर कोसळलं. नशीब की ते टेस्टिंगचं मशीन होतं. आमच्या सरांनी स्क्रीन पाहिली, म्हणाले, "बघ, निदान पडलं तरी. पडलं नसतं आणि चुकीचं उतरवलं असतं तर काय केलं असतंस?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

हेलविग यांच्या अंगावर हेच मोठ्या प्रमाणात होतं. साचा बदलायचा तर कर्नलमधली प्रत्येक फाइल सिस्टिम एकाच पॅचमध्ये बदलायला हवी. एक जरी सुटली तरी ती इशाऱ्यासकट बिनबोभाट तयार होणार आणि ज्याच्या मशीनवर ती असेल त्याच्याकडे पहिल्या एफसिंकला कोसळणार. बरं, दुसऱ्या कोणाची नवी फाइल सिस्टिम त्याच आठवड्यात जुन्या साच्यानं दाखल झाली तर? म्हणून गर्दी ओसरण्याची वाट. मे २०१० च्या अखेरीस तो पॅच आला. ईएक्सटी-२, ३, ४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, फॅट, एनएफएस, फ्यूज, डझनावारी फाइली, प्रत्येकीत दोन-चार ओळी. स्क्रीनच्या फ्रेमबफर ड्रायव्हरमध्येही एक एफसिंक निघालं, कारण तक्ता तोच. ऑगस्ट २०१० मध्ये २.६.३५ बाहेर पडलं तेव्हा साच्यात दोनच रकाने होते, फाइल आणि डेटासिंक.

पॅचच्या नावात 'न वापरलेला' असा शब्द आहे. तो पूर्ण खरा नाही, असं मला वाटतं. बऱ्याच फाइल सिस्टिम्स डेंट्री वापरत होत्या, तिच्यातून आयनोड काढायला. पॅचनं त्या ठिकाणी आयनोड फाइलमधून काढायला लावला. म्हणजे रकाना रिकामा नव्हता, दुबार होता. रिकामा रकाना काढायला धाडस लागत नाही. दुबार रकाना काढताना 'यातला खरा कुठला' याचा निवाडा करावा लागतो. इथे निवाडा झाला की एफसिंक हे वावराच्या नावावर होत नाही, उघडलेल्या प्रकरणावर होतं. आणि प्रकरण नेहमी असेलच, निरंक कधीच नसेल.

या निवाड्याचं पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी कर्नलबाहेरच्या लोकांबद्दल थोडं. पुण्यात व्हेरिटासचं मोठं केंद्र होतं, त्यांची फाइल सिस्टिम मुख्य कर्नलच्या बाहेरची. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत झेडएफएस लिनक्सवर आणायचं काम चालू होतं, तेही बाहेरचं. अशांना कर्नल कधीच वचन देत नाही की आतले साचे तसेच राहतील. उलट ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या कागदपत्रांतच लिहून ठेवलंय की आतल्या इंटरफेसला स्थैर्य मागणं हाच वेडेपणा. झेडएफएसच्या कोडमध्ये यामुळे बरीच वर्षं तीन खुणा होत्या, 'डेंट्रीसह एफसिंक', 'डेंट्रीविना एफसिंक' आणि 'रेंजसह एफसिंक'. बिल्ड करताना आधी तपासायचं की समोरचा कर्नल तिघांपैकी कुठला. एका रकान्याचा अख्खा इतिहास त्या तीन खुणांत बसलाय. आमच्या मॉड्यूलमधल्या अटी म्हणजे त्याच खुणांची गरीब आवृत्ती.

तिसरी खूण, 'रेंजसह', कुठून आली? एवढ्या कष्टानं एक रकाना काढला आणि वर्षभरात दोन नवे घातले! २०११ मध्ये जोसेफ बॅसिक यांच्या पॅचनं एफसिंकला कुठपासून आणि कुठपर्यंत असे दोन रकाने मिळाले, लिनक्स ३.१ पासून. त्याआधी हाक मारणारा कुलूप लावून, मजकूर उतरवून मग फाइल सिस्टिमकडे जायचा. बीटीआरएफएससारख्यांना ते अडचणीचं होतं. म्हणून कुलूप आणि उतरवणं दोन्ही फाइल सिस्टिमच्या हातात दिलं, आणि तिला कुठला तुकडा उतरवायचा हे कळावं म्हणून रेंज दिली. काही जण हसतात की आधी काढा मग घाला, हेच काम आहे का यांना. मला यात विसंगती दिसत नाही. गेलेला रकाना आधीच माहीत असलेलं पुन्हा सांगत होता. आलेले दोन रकाने फाइल सिस्टिमला दुसरीकडून कळलंच नसतं असं काहीतरी सांगतात.

आता तो निवाडा. २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या लोकांना एक भयंकर गोष्ट लक्षात आली. डिस्कवर लिहिताना बिघाड झाला, तर एफसिंक चूक सांगतं. डेटाबेस म्हणतो, ठीक, पुन्हा करून पाहू. दुसऱ्यांदा एफसिंक 'झालं' म्हणतं. पण मजकूर डिस्कवर गेलेलाच नसू शकतो! पहिल्या वेळी चूक सांगून झाली, खूण पुसली गेली, मेमरीतली पानं 'स्वच्छ' म्हणून नोंदली गेली. शिवाय जुन्या कर्नलमध्ये चुकीची खूण वावरावर, म्हणजे आयनोडच्या बाजूला ठेवलेली असायची. पाच प्रकरणं उघडी असतील तर जो पहिल्यांदा विचारेल त्याला चूक कळायची आणि बाकीच्या चौघांना 'सगळं ठीक'. पप्पांचं 'सेव्ह केलं होतं की मी' इथे डेटाबेसच्या तोंडी आलं. पोस्टग्रेसनं फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत नियमच बदलला. एफसिंक एकदा चुकलं की पुन्हा विचारायचं नाही, सरळ थांबायचं आणि आपल्या नोंदवहीवरून सगळं परत उभं करायचं.

कर्नलच्या बाजूनं अर्धा उपाय त्याआधीच, २०१७ च्या ४.१३ मध्ये, जेफ लेटन यांनी आणला होता. चुकीला क्रमांक द्यायचा, आणि प्रत्येक उघडलेल्या प्रकरणात नोंद ठेवायची की यानं शेवटची कुठली चूक पाहिलीय. मग पाचही जणांना आपापल्या एफसिंकला चूक कळते. पण ही नोंद ठेवायची कुठे? फाइलमध्ये, प्रकरणात. म्हणजे एफसिंकची हाक येईल तेव्हा फाइल हातात असलीच पाहिजे. निरंक चालणार नाही. फाइल कधी आहे, कधी नाही असा जुना साचा राहिला असता, तर ही नोंद तपासायच्या प्रत्येक जागी पुन्हा 'आणि फाइलच नसेल तर?' हा प्रश्न आला असता. २०१० मध्ये कोणाच्या डोक्यात हे होतं असं मी म्हणत नाही. त्यांनी फक्त कचरा काढला होता. पण त्या मोकळ्या झालेल्या जागेवर सात वर्षांनी हे उभं राहिलं, एवढं नक्की.

असे रकाने सगळीकडे सापडतात. ॲक्सेस-ओके नावाचं एक फंक्शन आहे, प्रोग्रॅमनं दिलेला मेमरीचा पत्ता कर्नलनं हात लावण्याजोगा आहे का ते तपासणारं. त्याला 'वाचायचंय की लिहायचंय' असा एक रकाना होता. कारण काय, तर मूळ ३८६ प्रोसेसर कर्नल मोडमध्ये 'इथे लिहू नका' ही पाटी मानतच नसे, म्हणून ते आधी हातानं तपासावं लागायचं. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स ज्या जातीच्या मशीनवर लिहिलं, तेच हे ३८६. २०१२ च्या डिसेंबरात ३८६ ला कर्नलनं निरोप दिला. रकाना मात्र शेकडो ठिकाणी भरला जात राहिला. नवीन पोरं जुना कोड बघून इमानेइतबारे 'वाचायचंय', 'लिहायचंय' लिहीत राहिली, आणि वाचणारं कोणीच नव्हतं. २०१९ च्या जानेवारीत लिनस यांनी स्वतः तो काढला. निदान आपण बरोबर भरतोय की चूक ही चिंता तरी गेली.

मात्र एक कुंपण आहे. हे सगळं कर्नलच्या आतलं. जिथे बाहेरचे प्रोग्रॅम कर्नलला हाक मारतात, तिथे रकाना काढता येत नाही, कारण जुना चालणारा प्रोग्रॅम मोडायचा नाही हा लिनस यांचा कडक नियम. ईपोल-क्रिएट ही हाक बघा. तिचा कोड फाइल सिस्टिमच्याच फोल्डरमध्ये राहतो. तिला एक रकाना आहे, साधारण किती गोष्टींवर लक्ष ठेवायचंय. २.६.८ पासून हा आकडा कोणी बघत नाही. पण शून्य किंवा उणे लिहिलं तर हाक परत येते! नंतर २.६.२७ मध्ये त्या रकान्याशिवायची नवी हाक आली, तरी जुनी आजही जिवंत आहे, रकान्यासकट.

हे मी पप्पांना फोनवर सांगितलं. त्यांना कर्नल वगैरे कळलं नाही, पण ईपोलचं लगेच कळलं. म्हणाले, आपल्या फॅक्ससारखंच की. मी विचारलं, अजून असतो का तो रकाना? म्हणाले, दोन अर्जांत आहे, बाकीच्यांत आता ईमेलचा आलाय, तिथेही लोक निरंकच लिहायला सांगतात. मग दुकानातलं गिऱ्हाईक काहीतरी बोललं आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या भागात रिनेम. फाइलचं नाव बदलताना लाइट गेली तर जुनं नाव राहतं की नवं, आणि ईएक्सटी-४ च्या त्या २००९ च्या भांडणात नेमकी सवलत कशाला मिळाली, ते बघू. भेटू.